तहातले मित्र, तहातले हेर

शिरूरला कर्नल वॉलेस नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. तो १८०९ साली वारला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये नोंद आहे, की शिरूर आणि आसपासच्या गावांतले लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणून भजतात आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य आणून ठेवतात. हा सत्पुरुष ज्या फौजेचा प्रमुख होता ती तैनाती फौज. पेशव्याच्या रक्षणासाठी, पेशव्याच्याच पैशांवर, पेशव्याच्या राजधानीपासून दोन-तीन मजलांवर बसलेली. कागदोपत्री ती दोस्ताची फौज होती. १८१७ च्या डिसेंबरअखेर याच छावणीतून कॅप्टन स्टाँटनची तुकडी रात्रीची चाल करून निघाली आणि १ जानेवारी १८१८ ला भीमेच्या काठी कोरेगावात पेशव्याच्याच फौजेला भिडली.

हे पुस्तक कुरकुंभला बसून लिहिले आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हे गाव आज लोकांना फिरंगाईच्या देवळामुळे आणि एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यांमुळे माहीत आहे. चौफुल्याला वळून न्हावऱ्यावरून गेले की शिरूर. म्हणजे दौंड आणि शिरूर हे दोन्ही तालुके त्या छावणीच्या टापूतले. मित्रराष्ट्रांनी एकमेकांवर हेरगिरी करावी की नाही हा प्रश्न वॉशिंग्टन आणि बर्लिनचा, आपल्याला त्याचे काय, असे वाटणाऱ्याने एकदा घोडनदीच्या पुलावर उभे राहून विचार करावा. हा प्रश्न आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वी येऊन, राहून, राज्य घेऊन गेला आहे.

आधी आजचे सांगतो, कारण ते लवकर आटोपते. २०१३ च्या ऑक्टोबरात जर्मनीच्या चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांच्या मोबाइलवर अमेरिकेच्या एनएसएचे कान होते, अशी बातमी फुटली. त्या चिडल्या. मित्रांत असले चालत नाही, असे त्यांनी जाहीरपणे सुनावले. दोन वर्षे गेली नाहीत तोच जर्मनीची स्वतःची गुप्तचर संस्था बीएनडी हीही युरोपातल्या मित्रदेशांवर नजर ठेवून होती, हे बाहेर आले. त्याआधी १९८५ मध्ये जोनाथन पोलार्ड हा अमेरिकी नौदलातला विश्लेषक इस्राएलला कागद पुरवताना पकडला गेला आणि तीस वर्षे तुरुंगात राहिला. या दोन देशांहून घट्ट मैत्री शोधावी लागेल. आपल्याकडे २००४ मध्ये ‘रॉ’चा अधिकारी रबिंदर सिंग नेपाळमार्गे अमेरिकेला पळाला. २०१४ च्या जूनअखेर ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने एक यादी छापली. २०१० मध्ये एनएसएला ज्या परदेशी राजकीय पक्षांवर पाळत ठेवण्याची न्यायालयाकडून मुभा होती त्यांत भारतीय जनता पक्ष होता, आणि बातमी छापून आली तेव्हा तोच पक्ष दिल्लीत सत्तेवर होता. अमेरिकी दूतावासातल्या अधिकाऱ्याला बोलावून जाब विचारण्यात आला. पुढे मैत्री वाढतच गेली. आणि फार उजळ माथ्याने फिरायला नको म्हणून हेही सांगायला हवे, की २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वृत्तमाध्यमांनी तिथून काढून दिलेले हेर भारताचे होते असे छापले.

म्हणजे सगळे करतात. पण ‘सगळे करतात’ हे चावडीवरचे उत्तर झाले. चालते का, आणि कुठपर्यंत चालते, हे त्यातून कळत नाही. ते कळायला पुण्याचे दप्तर उघडावे लागते.

सालबाईचा तह १७८२ मध्ये झाला आणि १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पुण्यात आला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा तळ पडला. तेव्हापासून ‘संगमावर’ म्हणजे रेसिडेन्सीत, असाच अर्थ पुण्यात रूढ झाला. नाना फडणवीसांना हा पाहुणा मनापासून नको होता. आला तर निदान नजरेसमोर राहील, एवढाच हिशेब. मॅलेटशी बोलायला नानांनी बहिरोपंत मेहेंदळ्यांना नेमले. बहिरोपंतांनी मॅलेटला काय सांगितले ते रेसिडेन्सीच्या पत्रांत आहे आणि मॅलेट काय म्हणाला ते नानांकडे पोचत होते. दोघेही दुसऱ्याला आपण वाचतो आहोत असे समजत, आणि दोघेही बरेचसे बरोबर होते.

नानांच्या हेरखात्याच्या आख्यायिका इतक्या आहेत की खरे काय ते त्यांच्याखाली दबून जाते. निजामाने रात्री काय खाल्ले ते नानांना सकाळी कळे, वगैरे. मला त्यांपेक्षा साधी कागदोपत्री व्यवस्था जास्त नवलाची वाटते. दिल्लीला हिंगण्यांचे घराणे पिढ्यानपिढ्या वकिली करून बातम्या पाठवत होते. हैदराबादला गोविंदराव काळे होते. दरबारातले अखबार, म्हणजे रोजच्या घडामोडींची हस्तलिखित पत्रके, नकला करून मागवली जात. पत्रे नेणारे जासूद जोडीने निघत. किती दिवसांत पोचायचे ते ठरवून मजुरी ठरे, आणि वाटेत कानांवर पडलेले तोंडी सांगणे हेही त्यांच्याच कामात धरलेले असे. टपाल आणि हेरगिरी यांत तेव्हा भिंत नव्हती.

यातली एक गोष्ट मराठी वाचकाला टोचणारी आहे. महादजी शिंदे उत्तरेत असताना त्यांच्या छावणीत आप्पाजी राम आणि सदाशिव दिनकर हे नानांचे वकील होते. महादजी कोणाशी बोलले, कोणावर रागावले, पैशांची ओढ किती आहे, पुण्याविषयी काय म्हणाले, सगळे पुण्याला जात होते. शिंदे काही परके नव्हते, दौलतीचे खांब होते. महादजींना हे ठाऊक नसेल असे मानणे म्हणजे महादजींना न ओळखणे. सालबाईच्या तहाला ते स्वतः जामीन, त्यांच्याकडे इंग्रजांचा रेसिडेंट अँडरसन बसलेला. नाना पुण्यात बसून विचार करणार की हे गृहस्थ परस्पर काही ठरवत तर नाहीत ना? हा संशय वाईट, पण निराधार नाही. १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले, तणाव झाला, तरी फूट पडली नाही. १७९४ च्या फेब्रुवारीत ते वानवडीला वारले, तेव्हा दोघेही एकाच दौलतीचे होते. एकमेकांचे कागद वाचणारी माणसे एकमेकांना फार आश्चर्याचे धक्के देऊ शकत नाहीत, हे त्यांच्या मैत्रीचे एक कारण असावे असे मला वाटते.

आमच्या भागात बांधाला बांध असलेल्या दोन शेतकऱ्यांना एकमेकांच्या विहिरीचे पाणी कधी विचारावे लागत नाही. शेजाऱ्याची मोटर रात्री किती वेळ चालली आणि उसाला पाण्याची पाळी कितव्या दिवशी आली यावरून ते कळते. यात कोणी रागावत नाही. राग येतो तो शेजाऱ्याने आपल्या गड्याला पैसे चारून स्टार्टरला हात लावला तर.

पाहणे आणि फोडणे यांतला हा फरक या पुस्तकाचा कणा आहे. १७९० मध्ये पेशवे, निजाम आणि इंग्रज यांनी टिपूविरुद्ध एकत्र येऊन करार केला. कॅप्टन लिटलची मुंबईची पलटण परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर धारवाडच्या वेढ्यात होती. त्या पलटणीतला एडवर्ड मूर हा तरुण अधिकारी डोळे उघडे ठेवून सगळे पाहत होता. मराठ्यांच्या छावणीतला बाजार, तोफखान्याची सुस्ती, रसद कशी येते, बाण कसे सुटतात. १७९४ मध्ये त्याने लंडनला जाडजूड पुस्तकच छापले. मित्राच्या फौजेचे गुण-दोष पाच वर्षांच्या आत बाजारात विकत मिळू लागले! याला हेरगिरी म्हणायचे का? मूरने कोणाला लाच दिली नाही, कोणाचे कुलूप तोडले नाही. पाहुणा म्हणून गेला, पाहिले, लिहिले. आज १९६१ चा व्हिएन्ना करार राजदूताला हीच मुभा देतो: कायदेशीर मार्गांनी यजमान देशाची परिस्थिती जाणून घ्यावी आणि आपल्या सरकारला कळवावी. त्याच करारात यजमानाच्या अंतर्गत कारभारात हात घालू नये असेही बजावले आहे. मूर पहिल्या वाक्यात बसतो. आपल्याकडून मात्र इंग्रजांच्या कवायती पलटणीविषयी तसे पुस्तक कोणी लिहिले नाही, ही तक्रार इंग्रजांकडे करून उपयोग नाही.

याच दोस्तीतला तिसरा गडी निजाम. श्रीरंगपट्टणचा तह १७९२ चा आणि खर्ड्याची लढाई १७९५ च्या मार्चमधली. तीन वर्षांत मित्राचा शत्रू झाला. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क ओलीस म्हणून पुण्याला आला. काळ्यांची हैदराबादेतली पत्रे जर दोस्तीच्या काळात बंद झाली असती तर खर्ड्याला नाना आंधळे गेले असते.

आता दुसरी बाजू. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांची फौज मोडली आणि पेशवा दुसरा बाजीराव पळत वसईला गेला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने त्याने सहा हजार पायदळाची कायमची तैनाती फौज पत्करली, सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला, आणि इंग्रजांना विचारल्यावाचून कोणत्याही दरबाराशी बोलणे सुरू करणार नाही असे कबूल केले. नाना १८०० मध्येच गेले होते.

या काळातला माझा आवडता माणूस (आवडता म्हणजे लिहिण्यासाठी) खुश्रूशेट मोदी. पारशी, हुशार, रेसिडेन्सीचा कारभारी. रेसिडेंटला भेटायचे तर वाट मोदीच्या दारावरून. त्याच वेळी पेशव्याने त्याला कर्नाटकचे सरसुभेदार केले. एका हाताने इंग्रजांचा पगार, दुसऱ्या हाताने पेशव्याचा सुभा. कौटिल्याने दोन्हीकडून वेतन घेणाऱ्याला ‘उभयवेतन’ म्हटले आहे आणि त्याचा वापर कसा करावा ते थंड डोक्याने सांगितले आहे. मात्र तिथे ते सोंग असते आणि धनी एकच असतो. मोदीला दोन्ही धनी खरेच हवे होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८११ मध्ये रेसिडेंट होऊन आला आणि त्याने मोदीला एक काहीतरी सोडायला लावले. मोदीने सुभा सोडला. तो सुभा पेशव्याच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्याकडे गेला. १८१५ मध्ये मोदी विषाने मेला. ते त्याने घेतले की त्याला दिले, याचा उलगडा झाला नाही. नारायण पेठेतल्या मोदी गणपतीचे नाव त्याच्याच बागेवरून पडले असे सांगतात.

त्याच १८१५ च्या जुलैत गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. ते इंग्रजांच्या हमीवर पुण्याच्या दरबारात आले होते. आळ त्रिंबकजीवर आला, त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले, आणि १८१६ च्या सप्टेंबरात तो निसटला. खिडकीखाली घोड्याला खरारा करत गाणी म्हणणाऱ्या एका मोतद्दाराने गाण्यातून बेत कळवला, गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते, ही कथा बिशप हेबरने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली. सुंदर कथा आहे. पण नीट पाहिले तर तोपर्यंत पेशव्याच्या हेरखात्याकडे एवढेच उरले होते. पलीकडे एल्फिन्स्टनला शनिवारवाड्यातल्या खलबतांची खबर पोचत होती. यशवंतराव घोरपडे त्याला बातमी देत होते. बाळाजीपंत नातू त्याच्या पदरी होते. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले ते नातूंनी चढवले, ही आठवण पुण्यात अजून तिखटपणे काढली जाते.

मात्र सगळ्यांना एका मापाने मोजू नये म्हणून मोरोपंत दीक्षितांची हकीकत सांगितलीच पाहिजे. पेशव्याने स्वतःच्या खर्चाने कॅप्टन फोर्डच्या हाताखाली दापोडीला एक कवायती ब्रिगेड उभी केली होती. शिपाई पेशव्याचे, अधिकारी इंग्रज. फोर्ड आणि मोरोपंत यांची मैत्री होती. लढाई होणार हे दिसताच मोरोपंतांनी फोर्डला आधी सुचवले, तू यात पडू नकोस, बाजूला राहा. पैसा नाही, फितुरी नाही, निव्वळ स्नेह. फोर्डने ती खबर रेसिडेंटला दिली आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला ब्रिगेड घेऊन खडकीला इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला. जरीपटका मोरोपंतांकडे होता. ते त्याच दिवशी रणात पडले. संगमावरची रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली, तीत एल्फिन्स्टनची पुस्तके आणि कागद गेले. इतिहासकाराला त्या कागदांची हळहळ वाटते. मला मोरोपंतांची वाटते.

या सगळ्यात निर्णायक काय ठरले? लाचलुचपत दोन्हीकडे होती. बाजीरावही इंग्रजांचे शिपाई फोडायला पैसे वाटत होता. सोवळे कोणीच नव्हते. निर्णायक ठरले ते १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहातले एक कलम. खडकीच्या पाच महिने आधी, सिंहगड, पुरंदर आणि रायगड ओलीस घेऊन, बाजीरावाकडून लिहून घेतले गेले की इतर दरबारांत तो आपले वकील ठेवणार नाही, त्यांचे वकील आपल्याकडे ठेवून घेणार नाही, जे बोलायचे ते रेसिडेंटमार्फत बोलेल. मुलूख, किल्ले, पैसा यांच्या मानाने हे कलम किरकोळ दिसते. पण हिंगणे, काळे, सदाशिव दिनकर यांची शंभर वर्षांची परंपरा त्या एका कलमाने बेकायदेशीर झाली. मित्राला पाहण्याचा अधिकार राहिला, पेशव्याला डोळे ठेवण्याचा राहिला नाही. लढाई नोव्हेंबरात झाली. राज्य जूनमध्येच गेले होते, असे माझे मत आहे.

साताऱ्याला हाच खेळ आणखी निवांतपणे झाला. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंहांना गादी मिळाली, आणि राज्याबाहेरच्या कोणाशीही परस्पर व्यवहार न करण्याची अट मिळाली. घरच्या सोयरीकीची बोलणीसुद्धा पोलिटिकल एजंटमार्फत! तो एजंट म्हणजे ग्रँट डफ. मराठ्यांचा पहिला सविस्तर इतिहास इंग्रजीत लिहिणारा हा माणूस आधी एल्फिन्स्टनचा सहायक होता. आपला इतिहास पहिल्यांदा जिथे लिहिला गेला ते टेबल रेसिडेन्सीतले होते, हे तो वाचताना लक्षात ठेवलेले बरे. पुढे १८३६ मध्ये महाराजांवर किटाळ आले: इंग्रजांच्या पलटणीतले देशी सुभेदार फितवण्याचा प्रयत्न, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी पत्रव्यवहार, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान. चौकशी गुप्तपणे चालली. रेसिडेंट ओव्हान्सने पैसे मोजून कागद मिळवले. नातू इथेही होतेच. १८३९ च्या सप्टेंबरात महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले, तिथेच १८४७ मध्ये ते गेले.

यातला पोर्तुगीज आरोप जरा थांबून पाहण्यासारखा आहे. पेशवाईत गोवेकरांचा वकील पुण्यात राहणे ही रोजची गोष्ट होती. नारायण शेणवी धुमे वर्षानुवर्षे पुण्यात राहून पोर्तुगीजांचे काम पाहत आणि इथल्या बातम्या पणजीला कळवत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यातून अशा वकिलांवर एक ग्रंथच सिद्ध केला. दोन पिढ्यांपूर्वी जे उघड राजकारण होते तेच साताऱ्यात राजद्रोह ठरले. महाराजांनी गोव्याला पत्र लिहिले की नाही यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. समजा लिहिले, तरी स्वतंत्र मित्र म्हणून गादीवर बसवलेल्या राजाने शेजाऱ्याला पत्र लिहिणे हा गुन्हा, आणि त्याच राजाच्या घरातले कागद विकत घेणे ही कर्तव्यदक्षता, हा तराजू कोणी तयार केला?

महाराजांचे वकील रंगो बापूजी हाच प्रश्न घेऊन लंडनला गेले. तिथे त्यांनी वर्षांमागून वर्षे काढली. सभा घेतल्या, पत्रके छापली, कंपनीच्या भागधारकांपुढे गाऱ्हाणे मांडले, संसदेतले काही सभासद वळवले. न्याय मिळाला नाही. १८४८ मध्ये सातारा खालसा झाले आणि १८५३ च्या अखेरीस ते परतीला लागले. एका दृष्टीने ते मराठ्यांचे परमुलखातले अखेरचे वकील. फरक एवढाच, की त्यांच्यामागे दरबार नव्हता.

म्हणून मूळ प्रश्नाला माझे उत्तर बर्लिनमध्ये आवडेल असे नाही, आणि वॉशिंग्टनमध्येही नाही. मित्राकडे पाहणे गैर नाही. न पाहणारा मित्र एक तर भोळा असतो, नाही तर त्याच्याकडून पाहण्याचे साधन काढून घेतलेले असते. मित्राची माणसे विकत घेणे गैर आहे, ती कितीही स्वस्त मिळाली तरी. आणि ज्या मैत्रीत एकालाच खिडकी आहे ती मैत्री नसून तैनात आहे. मेर्केलबाईंची तक्रार मला म्हणूनच अर्धी पटते. जर्मनीला स्वतःची बीएनडी होती, तिने तिचे कान वापरलेही. ज्या देशांकडे तसे कान नाहीत, ज्यांचे फोन, ज्यांच्या केबली, ज्यांचे सर्व्हर दुसऱ्याच्या मालकीचे आहेत, त्यांची गोष्ट साताऱ्याच्या जवळ जाते. आपण त्यांतले किती, हा हिशेब शेवटच्या प्रकरणात मांडला आहे.

पुढची प्रकरणे सनावळीने लावलेली नाहीत. संगमापासून सुरुवात करून शिरूरच्या छावणीवरून साताऱ्याला जावे, मग गोव्याकडे वळावे, असा क्रम ठेवला आहे. साधनांत एकाच माणसाचे ऋण सर्वांत मोठे. गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, आणि पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराच्या संपादनातही जदुनाथ सरकारांबरोबर तेच होते. नाना काय लिहीत होते आणि मॅलेट काय लिहीत होता, हे दोन्ही त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी आले. वाचकाने शक्य तिथे तसेच वाचावे: आधी मराठी कागद, मग त्याच आठवड्यातले इंग्रजी पत्र. कोण कोणाला फसवत होते ते पहिल्या दोन-तीन जोड्यांतच दिसू लागते, आणि ते दर वेळी इंग्रज असतात असे नाही.